म्हातारी कुठे पडली?

अण्णांचा फोन आला तेव्हा मी एका हॉटेलच्या गच्चीवर, चिलरच्या पंख्यांच्या गरगराटात उभा होतो. एसीची यंत्रणा सांभाळणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग, आणि या उद्योगातल्या माणसाने मे महिन्यात बहरीनमध्ये फोन उचलू नये असं माझं मत आहे, कारण फोन करणाऱ्या प्रत्येकाचा एसी बंद पडलेला असतो. पण नाव अण्णांचं होतं. "कुमुद गेली," ते म्हणाले. मी काहीच बोललो नाही म्हणून त्यांना वाटलं मला ऐकू आलं नसावं, तर त्यांनी पुन्हा, आवाज चढवून, तेच सांगितलं. आयुष्यभर हळू बोललेल्या माणसाला हे वाक्य दोनदा म्हणावं लागलं, आणि तेही ओरडून… त्या दुपारचं मला हेच सगळ्यात जास्त आठवतं.

कुमुदकाकू आणि अण्णा शिर्के बहरीनच्या हूरा भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये, आमच्या बरोबर वरच्या मजल्यावर राहायचे. नात्यातले म्हणाल तर कुणीच नव्हते. पण परदेशात वरच्या मजल्यावरून ओळखीच्या फोडणीचा वास आला की नातं आपोआप जुळतं, तसं ते जुळलेलं. माझी मुलगी सई तिसरीत आहे, तिची शाळा ईसा टाउनला. त्या दिवशी तिची बस यायच्या आधीच मी खाली जाऊन उभा राहिलो. तिला कसं सांगायचं याची मनातल्या मनात पुष्कळ जुळवाजुळव केली होती, पण लिफ्टचं दार बंद झाल्यावर सरळ सांगूनच टाकलं. ती रडेल अशी माझी तयारी होती. तिने दप्तर खाली ठेवलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "बट बाबा… म्हातारी तर अजून दोरावरच आहे ना?"

हा प्रश्न वाचकांना कळायचा तर थोडं मागे जायला हवं. काकू दर शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दुपारी, बिल्डिंगमधल्या मराठी पोरांना गोष्ट सांगायच्या. गोष्ट दक्षिण अमेरिकेतल्या डोंगरी लोकांची, आणि तिच्यात पोरं खाणारी एक राक्षसीण. तिकडे दर खोऱ्यात तिचं नाव वेगळं, म्हणून काकू तिला नुसती 'म्हातारी' म्हणायच्या. शेवटाकडे बहीण-भाऊ तिच्या तावडीतून पळतात, आभाळातून देव त्यांना दोर सोडतो आणि ती वर चढून जातात. मग म्हातारीही देवाकडे दोर मागते. देव तिलाही देतो, पण त्या दोरावर एक पोपट बसवून. पोपट दोर कुरतडतो, म्हातारी खाली येते आणि फुटते. शेवटच्या शुक्रवारी पोपटाने दोराला चोच लावली आणि काकूंना धाप लागली. त्या म्हणाल्या, "आज हितंच थांबू. फुडच्या शुक्रवारी पाडू तिला." पोरांना ती मजाच वाटली. आणि पुढच्या शुक्रवारच्या आत काकू हॉस्पिटलमध्ये गेल्या आणि परत आल्याच नाहीत. आता काकूंचाच नियम असा होता की ही गोष्ट अर्धी सोडायची नाही. अर्धी सोडली तर म्हातारी आपली आपण दोरावरून उतरते आणि ज्यांनी अर्धी ऐकली त्यांच्या घरी जाते. हा नियम त्यांनी पोरांना इतका रंगवून सांगितला होता की कुणाची शंका घ्यायची हिंमत नव्हती.

काकूंची आणि आमची खरी ओळख झाली ती एका भर उन्हाळ्यात, बिल्डिंगचा एसी बंद पडला तेव्हा. मी एसीवाला, त्यामुळे सगळी बिल्डिंग माझ्याकडे बघायला लागली, जणू मीच तो बंद केला होता. घामाने निथळत, गच्चीवरून जिन्याने खाली येताना शिर्क्यांचं दार उघडं दिसलं. आत फरशीवर ओल्या चादरी अंथरलेल्या, त्यांवर बिल्डिंगमधली सगळी पोरं पसरलेली, आणि कुणाचाही आवाज नाही. एसी बंद असताना पोरं गप्प, हे मी माझ्या नोकरीत कधी पाहिलं नव्हतं. मध्ये खुर्चीत एक ठेंगण्या, गुबगुबीत बाई डोळे बारीक करून, बोटं चावत बसलेल्या. कट्… कट्… असा आवाज त्या जिभेने काढत होत्या. एक पोरगी कापऱ्या आवाजात विचारत होती, "आजी, काय खातेस?" आणि बाई म्हणत होत्या, "काय न्हाई गं बाळा. भाजलेला मका." मी दारातच उभा राहिलो. एसी सुरू झाला तरी गोष्ट संपेपर्यंत एकही पोर उठलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही नाही. तेव्हापासून शुक्रवारची दुपार काकूंची झाली.

ही गोष्ट काकूंच्या हाती लागली कशी, ते ऐकण्यासारखं आहे. अण्णा बहरीनला येण्याआधी खाणींवर सर्व्हेयर होते. लग्न झाल्या झाल्या त्यांना पेरूमधल्या एका खाणीवर नोकरी लागली आणि कराडची कुमुद एकदम जगाच्या दुसऱ्या टोकाला, ढगांच्या उंचीवरच्या एका वस्तीत जाऊन पडली. तिथली भाषा येत नाही, चार पावलं चाललं की दम लागतो, भाजीला ओळखीचं काही मिळत नाही. शेजारी फ्लोरा नावाची बाई. तिने एके दिवशी नव्या शेजारणीला टोपलीभर काहीतरी आणून दिलं. काळे, सुरकुतलेले, टणक गोळे. काकूंनी पाहिलं, दगड आहेत. आता शेजारीण नव्या सुनेला काळे टणक दगड का देईल? काकूंनी विचार केला आणि त्यांना पटलं की हे इकडचे देव असणार, ही आपली ओटीच भरली आहे. मग त्यांनी ते गोळे धुतले, पुसले, देव्हाऱ्यात मांडले, त्यांना हळदकुंकू वाहिलं आणि रोज दिवा लावायला सुरुवात केली.

पुढे फ्लोराबाई टोपली परत न्यायला आल्या आणि खुणेने विचारायला लागल्या, कसे झाले होते, आवडले का… काकूंनी अभिमानाने देव्हारा दाखवला. ते बटाटे होते. तिकडे कडाक्याच्या थंडीत बटाटे रात्री उघड्यावर गोठवतात, पायाने तुडवून पाणी काढतात आणि उन्हात वाळवून वर्षानुवर्षं ठेवतात. फ्लोराबाई हसता हसता जमिनीवर बसल्या, म्हणे. आणि हसू आवरल्यावर काही म्हणाल्या, ते काकूंना पुढे थोडी भाषा आल्यावर कळलं: आमच्या गोष्टीतली म्हातारी भुकेल्या पोरांना बटाटे म्हणून दगड वाढते, तू तर बटाट्यांचेच दगड केलेस! तिथून गोष्ट सुरू झाली. काकू हे सांगताना नेहमी पुढे जोडायच्या, "हातात घेतल्यावर कळाय पायजे हुतं, किती हलकं हुतं. पण देव हलका का जड, ते कोण बगतंय?" आणि यातली सगळ्यात भारी गोष्ट पुढेच आहे. अण्णा खाणीच्या कॅन्टीनमध्ये तेच बटाटे रोज खात होते. त्यांना ते ओळखू आले होते. तरी ते रोज सकाळी ड्युटीवर जाताना त्यांना नमस्कार करून जायचे. "का हो?" असं विचारलं तर अण्णा शांतपणे म्हणायचे, "तिने मांडले होते. मला वाटलं काही कारण असेल."

फ्लोराबाई गोष्टी सांगायच्या त्या बटाटे सोलताना, मका सोलताना, हात रिकामे नसताना. काकू ऐकत, समजेल तेवढं समजून घेत, बाकीचं फ्लोराच्या चेहऱ्यावरून ताडत. दोघींची मिळून जी काही खिचडी भाषा झाली तिच्यात ही गोष्ट काकूंनी इतक्यांदा ऐकली की ती त्यांचीच झाली. दुष्काळ पडलाय, घरात दाणा नाही, आईबापाने पोरांना टाकून दिलंय. पोरांना एक चिमणी दिसते, तिच्या चोचीत बटाट्याचं फूल. फूल आहे तिथे बटाटा असणार म्हणून पोरं चिमणीच्या मागे मागे जातात आणि नेमकी म्हातारीच्या झोपडीत पोचतात. "आपल्यात म्हातारीला खायला वाघ टपलेला आसतो," काकू म्हणायच्या, "तिकडं म्हातारीच वाघ!" मला त्या चिमणीचं नेहमी कौतुक वाटत आलं. भुकेच्या माणसाला फूल बघून बटाटा आठवतो, हे ज्याने पहिल्यांदा सांगितलं असेल त्याने उपाशी दिवस काढलेले असणार.

या गोष्टीचा एक रिवाज आहे आणि माझ्या मते सगळी गंमत त्यात आहे. म्हातारी पडते ती गोष्ट जिथे सांगितली जाते तिथेच. फ्लोराबाईंच्या गावात ती गावामागच्या डोंगरावर पडली होती, पलीकडच्या गावाला विचारलं तर ते त्यांचा डोंगर दाखवायचे. जिथे ती फुटली तिथले खडक म्हणजे तिची हाडं, काटेरी झुडपं उगवली ती तिच्या रक्तातून, आणि जिथे रक्त फार सांडलं तिथे वाळवंट झालं. सांगणाऱ्याने शेवटी हात लांब करून दाखवायचं, ती बघा, तिथे पडली. पडता पडता ती ओरडते, "मऊ जागी! मला मऊ जागी पडू दे!" आणि ऐकणाऱ्यांनी ठरवायचं काय ते. आता बहरीनमध्ये डोंगर आणायचा कुठून? सगळा देश तळहातासारखा सपाट. पण खडक, काटे आणि वाळवंट यांना तोटा नाही, त्यामुळे पोरांना पहिल्याच दिवशी पटलं की म्हातारी इथेच पडलेली असणार, नाहीतर इथे एवढं वाळवंट आलं कुठून! मग दर शुक्रवारी वाद. एकदा ती झल्लाकच्या समुद्रकिनाऱ्यावर पडली, पण तिथे वाळू मऊ लागते असा मुद्दा निघून तो निकाल रद्द झाला. एकदा हायवेवर पडली आणि ट्रॅफिक जाम झाला. परीक्षा जवळ आल्या की ती हमखास शाळेच्या पटांगणावर पडायची. काकू "मऊ जागी!" असा टाहो फोडायच्या आणि सगळी पोरं एका दमात किंचाळायची, "दगडावर! दगडावर!" एकदा तो गलका ऐकून खालचा वॉचमन धावत वर आला. आत मारामारी नाही हे बघून त्याने कपाळाला हात लावला, आणि मग तिथेच पायऱ्यांवर बसून सरबत पिऊन गेला.

सरबत अण्णांचं. गोष्ट सुरू झाली की अण्णा स्वयंपाकघरात जायचे, लिंबं पिळायचे, ग्लास मांडायचे आणि गोष्ट संपल्यावर ट्रे घेऊन बाहेर यायचे. ते गोष्ट ऐकतात की नाही हे आम्हाला कधी कळलं नाही. काकूंच्या पोतडीत दुसऱ्याही राक्षसिणी होत्या, खाणीवर निरनिराळ्या देशांतून आलेल्या लोकांकडून ऐकलेल्या. एकीला म्हणे डोक्याच्या मागे, केसांखाली दुसरं तोंड. ती गोष्ट झाल्यावर महिनाभर पोरं काकूंचा अंबाडा संशयाने बघत होती, शेवटी काकूंनी केस सोडून सगळ्यांना मागून डोकं तपासू दिलं. दुसरी एक नवऱ्यालाच खाणारी, तिला गावकऱ्यांनी जाळलं आणि तिच्या राखेतून तंबाखूचं रोप उगवलं. अण्णा बाल्कनीत सिगरेट ओढायचे. त्या शुक्रवारी सई बाल्कनीत गेली आणि अतिशय काळजीने तिने विचारलं, "अण्णा, आर यू स्मोकिंग हर?" अण्णांनी सिगरेटकडे पाहिलं, विझवली, आणि नंतर त्यांच्या हातात मी ती पाहिली नाही. डॉक्टरने, त्यांच्या पुण्याच्या मुलीने, काकूंनी सांगून जे झालं नव्हतं ते एका राक्षसिणीने करून दाखवलं.

मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात वेशभूषा स्पर्धा असते. तिथे दरवर्षी चिमुकल्या जिजाऊ, झाशीच्या राण्या आणि एखादं झाड असतं. सईने हट्ट धरला, मी म्हातारी होणार. काकूंनी तिला स्वतःच्या जुन्या शालीत गुंडाळलं, केसांना पीठ लावलं, हातात दोर दिला. स्टेजवर परीक्षक बाईंनी कौतुकाने विचारलं, "अगं बाई, ही आपल्या पुराणातली कुठली राक्षसीण गं?" सईने ठणकावून सांगितलं, "नो आंटी. शी इज फ्रॉम पेरू. आणि आता ती तुमच्यावर पडणार आहे." बक्षीस मिळालं नाही. काकू मात्र पुढच्या रांगेत बसून इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा खाली पडला. त्यांना सगळ्यात आनंद कशाचा झाला होता ठाऊक आहे? सई शेवटचं वाक्य मराठीत बोलली होती. आमच्या पोरांना मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतून येतं, आणि नाही म्हणायचं तर इथल्या बाजारी अरबीतलं 'मफी'. काकू कधी "मराठीत बोल" असं म्हणाल्या नाहीत. एवढंच सांगितलं होतं की म्हातारीला इंग्लिश येत नाही, तेव्हा तिला जे काय बजावायचं ते तिला समजेल असं बजावा.

सगळं गोडीगुलाबीनेच चाललं असंही नाही. गोष्टीत म्हातारी भावाला खाते, आणि बहीण त्याची हाडं पोत्यात भरून पळते, पुढे तो पुन्हा जिवंत होतो. बिल्डिंगमध्ये नव्याने आलेल्या गौरीला हे मुळीच पटलं नाही. तिने वर जाऊन काकूंना सांगितलं, "काकू, हाडं तेवढी काढा ना. म्हातारी पोरांना नुसती रागावते असं करा." मी तिथेच एसीचा फिल्टर साफ करत होतो, त्यामुळे पुढचं सगळं ऐकलं. काकू म्हणाल्या, "आगं, ती वाईट न्हाई. भुकेली हाय. फ्लोरानं भूक बगितली हुती म्हणून ही गोष्ट तिच्याकडं हुती. भुकेल्याची कीव येऊ दे की पोरास्नी, माजी काय ना न्हाई. पण कीव आली म्हणून आपलं भावंड तिच्या ताटात वाडायचं व्हय? ते काय सांगायचं पोरास्नी, सांग." काकूंनी तिला शुक्रवारी येऊन बसायला सांगितलं. ती हाताची घडी घालून, तोंड वाकडं करून बसली. पोपटाने दोर तोडला तेव्हा सगळ्यात मोठ्याने "दगडावर!" कोण ओरडलं असेल, ते सांगायला नकोच.

आणि मग तो मे महिना. अंत्यसंस्कार इथेच झाले, मुलगी पुण्याहून येऊन गेली, अण्णा शांत होते. आमच्या घरात मात्र एक वेगळाच घोर लागला होता. सई एकटी खोलीत जाईना. पडदे उघडू देईना. काकू गेल्या म्हणून ती धड रडलीही नाही, कारण तिच्या डोक्यात दुसरंच होतं, म्हातारी दोरावर आहे आणि तिला पाडणारं कुणी उरलेलं नाही. मी तिला समजावलं की अगं, ती नुसती गोष्ट आहे. हे किती निरुपयोगी वाक्य आहे हे म्हणता म्हणताच कळलं. मग वैशालीने, माझ्या बायकोने, जेवताना गोष्ट संपवून पाहिली. छान सांगितली, पण वैशाली हिशेबनीस आहे, ताळेबंद वाचावा तशी तिने म्हातारी पाडली. सई म्हणाली, "आई, दॅट्स नॉट हाऊ शी फॉल्स." एका शुक्रवारी आम्ही मुद्दाम झल्लाककडे निघालो. वाटेत खडकाळ उंचवटा दिसला तशी मी गाडी बाजूला घेतली, काच खाली केली आणि हात लांब करून म्हणालो, "ती बघ, तिथे पडली." सईने बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबा, यू डिडन्ट इव्हन शाउट." मी मग ओरडलोही. रस्त्यावरून जाणाऱ्या एका गाडीने हॉर्न दिला. सईने नकारार्थी मान हलवली. समुद्रावर आम्ही गेलो, पण ती पाण्यात उतरली नाही… त्या संध्याकाळी मला काकूंची फार आठवण आली, आणि थोडा रागही आला. अशी अर्धी गोष्ट ठेवून कुणी जातं का?

अण्णांनी पुण्याला मुलीकडे जायचं ठरवलं. सामान बांधलं, काही वाटलं, आणि निघण्याच्या आदल्या शुक्रवारी त्यांनी निरोप पाठवला की पोरांना वर पाठवा, सरबत करतो. आम्ही मोठी माणसंही गेलो. घर जवळजवळ रिकामं झालं होतं, आवाज घुमत होता. पोरं सवयीने फरशीवर बसली, सवयीनेच खुर्चीच्या जागेकडे तोंड करून, पण खुर्चीही गेली होती. स्वयंपाकघरातून ग्लासांचा आवाज येत होता. मग अण्णा ट्रे घेऊन दारात आले, पोरांकडे पाहिलं, आणि तिथेच थबकले. त्यांना काय वाटलं कोण जाणे. ट्रे हातातच होता. खाकरून, भिंतीकडे बघत, हळूच म्हणाले, "पोपट… पोपटाने दोराला चोच लावली होती. नाही का?"

पोरांनी माना वर केल्या. अण्णा ज्या आवाजात दरवर्षी गणपतीची वर्गणी मागायचे त्याच आवाजात बोलत होते, पण शब्द थेट काकूंचे होते. "म्हातारी खालून विचारते, काय खातोस रे पोपटा? पोपट म्हणतो, काय न्हाई गं आजी… भाजलेला मका." कराडचा 'न्हाई' अण्णांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. म्हणजे इतकी वर्षं लिंबं पिळता पिळता या माणसाने शब्दन् शब्द ऐकला होता. दोर पिचला, एक पदर तुटला, दुसरा तुटला… शेजारी गौरीने डोळ्यांना ओढणी लावली होती. ती पोरांच्या कानाशी वाकून कुजबुजली, "आज मऊ जागी पडू द्या हं तिला. अण्णांसाठी." मलाही तेच वाटत होतं. दोर तुटला. अण्णांनी मान वर केली, आणि ग्लास एकमेकांवर आपटत असताना, कधी नव्हे तो त्यांचा आवाज फुटला, "मऊ जागी! मला मऊ जागी पडू दे!" रिकाम्या घरात ते शब्द इतके मोठे झाले की आम्ही सगळे दचकलो. पोरं गप्प. ते ओरडणं फक्त म्हातारीचं नव्हतं, हे पोरांनाही कळलं होतं. अण्णांचे डोळे भरून आले होते. एवढ्यात सई उठून उभी राहिली. मुठी आवळलेल्या, मान ताठ. आणि म्हातारीला समजेल अशा भाषेत, बहरीनमधल्या पोरीला शोभेल अशा थाटात, ती ओरडली, "मफी मऊ जागा! दगडावर!"

मग सगळी पोरं उठली, "दगडावर! दगडावर!" आणि गौरीने ओढणी बाजूला टाकली आणि तीही. अण्णा हसायला लागले. ट्रे मी त्यांच्या हातातून घेतला म्हणून ग्लास वाचले. "कुठे? कुठे पडली?" ते विचारत होते. सई खिडकीपाशी गेली, तिने पडदा सर्रकन ओढला आणि हात लांब केला. मागे जुनी इमारत पाडून झालेला मोकळा प्लॉट आहे, तुटक्या काँक्रीटचे ढीग आणि त्यात उगवलेली काटेरी झुडपं. "ती बघा, अण्णा. तिथे. काटे पण आलेत." अण्णांनी डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून नीट पाहिलं, सर्व्हेयरने पाहावं तसं, आणि म्हणाले, "बरोबर आहे. खलास." मग सई त्यांच्या पोटात डोकं खुपसून रडली. काकूंसाठी, पहिल्यांदाच. अण्णा तिच्या डोक्यावरून हात फिरवत होते आणि रडता रडता हसतही होते. त्यानंतर आमच्या घरातले पडदे उघडे असतात.

काकूंना सगळं पसंत पडलं असतं असं मी छातीठोकपणे सांगू शकतो. पोरांना कीव आली होती, पुरती आली होती, आणि तरी त्यांनी ताट वाढलं नाही. मला मात्र काकू नाहीत याची सवय अजून झालेली नाही. वरच्या मजल्यावर आता दुसरं कुटुंब आहे, भले लोक आहेत, फोडणी निराळी आहे. शुक्रवारची दुपार आमच्याकडे भरते. गोष्ट सई सांगते, तिच्या मराठीत अजून खडे आहेत, पण म्हातारीला कळतं. सरबत मी करतो, आणि स्वयंपाकघरातून सगळं स्पष्ट ऐकू येतं हेही आता मला समजलंय. पुण्याहून अण्णा व्हिडिओ कॉलवर असतात, मांडीवर नातू. नेटवर्क असतं जेमतेम. सई टाहो फोडते, इथली पोरं "दगडावर!" म्हणून गर्जतात, म्हातारी काँक्रीटच्या ढिगावर आदळते, सगळे ग्लासांकडे धावतात, आणि मग फोनमधून, थोड्या उशिराने, एक बोबडा आवाज जिवाच्या आकांताने ओरडतो, "दगदावल!" त्यामागोमाग अण्णांचा आवाज, "टेकडीवर पडली गं सई, आमच्या मागच्या टेकडीवर!" त्यामुळे हल्ली म्हातारी दर शुक्रवारी दोनदा पडते. एकदा हूऱ्यात, आणि जरा थांबून पुण्यात.